मुरूमकरांची ओ

दिवा लागला म्हणजे वीज आली, एवढ्यावर जगातली बाकी सगळी माणसं समाधान मानतात. माझ्या बहिणीचे सासरे मानत नाहीत. ते आधी दिव्याकडे बघतात, मग बटणाकडे, मग वायर भिंतीत कुठून शिरलीय तिकडे, आणि मग घरमालकाला विचारतात, "हा ह्याच बटणानं लागला, का दुसऱ्या कशानं?" इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी वाईट अर्थानं म्हणत नाही. स्टँडवर कुणी "भूमची गाडी गेली" म्हणालं की आपण कपाळावर हात मारून घेतो. हे विचारतात, "तुमी सोता बघितली का? पाटी वाचली का? का नुसती गाडी बघितली?" सांगणारा चिडतो, आणि वैताग असा की बऱ्याचदा पाच मिनिटांनी भूमची गाडी समोर येऊन उभी राहते.

ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभी नोकरी खांबावर चढण्यात आणि उतरण्यात गेली, त्यामुळे सत्तरीतही ते जिना चढताना दोन्ही हात रिकामे ठेवतात. मूळ मुरूमचे. मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात आणि तिकडून परत येताना एखादा उर्दू शब्द सोबत घेऊन येतात. आता कळंबला मुलाकडे, म्हणजे माझ्या दाजींकडे असतात. बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याला भोंगा बंद पडला. इकडे नवरदेवाचा बाप जागेवर नाही म्हणून आमच्या वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. पाव्हण्यांचा काही मानपान राहिला की काय, म्हणून ते हात जोडून मांडवभर हिंडले. मामा सापडले स्टेजच्या खाली. नवं धोतर, नवा फेटा, आणि हातात वायर. फेट्याला जळमटं घेऊन ते बाहेर आले आणि म्हणाले, "जोडणी ढिली व्हती. चालू द्या." मग अक्षता पडल्या.

मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. आम्ही मुलीकडचे. मुलीकडच्यांनी त्यांच्यापुढं आवाज चढवायचा नाही ही आमच्याकडची रीत आहे, आणि माझी खरी अडचण तिथंच आहे. कारण हाच माणूस मला कामाच्या ठिकाणीही भेटतो. मी एका शिक्षण संस्थेच्या कळंबच्या कार्यालयात संगणक सांभाळतो. बी.एस्सी., संगणकशास्त्र, प्रथम वर्ग. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझा, आणि तो मी देव्हाऱ्याशेजारी चौकटीत लावलाय. ज्याला हसायचं त्यानं हसावं. संस्थेच्या शाळा कळंब, भूम आणि मुरूमला आहेत. जुनी दाखल-खारीज रजिस्टरं वाळवी खायला लागली, तेव्हा त्यांच्या पानांचे फोटो काढून संगणकात ठेवायचं ठरलं. एक मोठं यंत्र घेणं संस्थेला झेपणारं नव्हतं. म्हणून संस्थेनं मामांना गाठलं. त्यांनी कुणाकुणाला विचारून, दोन-चार महिने डोकं घालून, तीन गावांत तीन साधी यंत्रं बसवली आणि त्या तिघांचं मिळून एक कोठार केलं. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या गावांत. आणि वर एक नियम: तिघांपैकी निदान दोघांचं एकमेकांशी बोलणं चालू असेल तरच कागद बाहेर द्यायचा. एकट्या यंत्रानं परस्पर काही द्यायचं नाही. "एकट्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवून कुणी पोरगी देतं का?" असं त्यांनी तेव्हा संस्थेच्या बैठकीत विचारलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

त्या यंत्रांना त्यांनी नावं दिलीत: कळंबकर, भूमकर आणि मुरूमकर. घरी जेवताना ते म्हणतात, "आज भूमकर जरा दमलेले दिसले," आणि माझी बहीण भाकरी वाढता वाढता विचारते, "काय खाण्यात आलं असंल?"

आता त्या दिवसाचं सांगतो. प्रवेशाचे दिवस होते. साडेबाराच्या सुमाराला एक बाई आणि तिची मुलगी कार्यालयात आल्या. मुलीचं नाव काजल. नर्सिंगला नंबर लागलेला. बाप मेंढरं घेऊन लांब कुठंतरी रानात, म्हणून आई आलेली. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा उतारा लागत होता, आणि तो आज संध्याकाळी पाचच्या आत प्रवेशाच्या संकेतस्थळावर चढवायचा होता. पाचनंतर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आजोबा भूमच्या शाळेत शिकलेले. तिथलं मूळ रजिस्टर छत गळून भिजलं होतं; पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. म्हणजे जगात त्या उताऱ्याच्या दोनच प्रती उरल्या होत्या, एक भूमकरांकडं आणि एक मुरूमकरांकडं.

मी म्हणालो, "बसा मावशी, दोन मिनिटांत काढून देतो."

यादीत नाव आलं. मायाप्पा. बोट दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं, फिरत राहिलं, आणि ओळ आली: जोडणी तुटली. परत केलं. नाव येतं, कागद येत नाही. तिसऱ्यांदा नावही येईना. काजल माझ्या तोंडाकडं बघत होती. तिच्या त्या बघण्यानं माझी पदवी जागी झाली. मामांना बोलवण्याआधी मी जे करायचं नाही तेच केलं: कळंबकरांना बंद करून परत चालू केलं. यंत्र उठलं आणि स्वतःची सगळी तपासणी करत बसलं. अर्धा तास त्यातच गेला, आणि कागद तरीही येईना. मग फोन केला.

मामा सव्वाला आले. खांद्याला खाकी पिशवी. तिच्यात पकड, दाढीचा जुना ब्रश आणि पावट्याएवढा टॉर्च. आल्या आल्या ते कशालाही हात लावत नाहीत. खुर्ची ओढून जिथं सगळ्या वायरी येतात त्या डब्यासमोर बसतात आणि त्याचे लुकलुकते दिवे बघत राहतात. दहा मिनिटं. घड्याळ लावून बघितलंय मी. दहा मिनिटांनी वळून म्हणाले, "पाव्हणं, सकाळपासून काय काय केलं, वळीनं सांगा. काय सोडू नका."

"काही नाही मामा. आपोआप बंद पडलं."

त्यांनी कळंबकरांच्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं, चष्मा वर केला, आणि फार अदबीनं म्हणाले, "हे यंत्र म्हणतंय, मला उठून पाऊण तास झाला. तुमी म्हणताय हात लावला न्हाय. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय. यंत्राला तर काय कारण न्हाय."

मावशी समोर, काजल समोर. मी मान्य केलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून कागद काढला आणि लिहिलं: "बारा चाळीस. पाव्हण्यांनी बंद करून चालू केलं." म्हणाले, "तेव्हा कोण कुणासंगं बोलत व्हतं ते सगळं पुसलं गेलं आता. असू द्या. हितनं पुढं करू."

भूमकर मुळीच ओ देत नव्हते. तिथं फोन लावला तर कळलं, रस्त्याच्या कामात सकाळीच केबल तुटलीय, माणसं आलीत, पण दिवस मावळेपर्यंत धरून चाला. म्हणजे भूमकर गेले. उरले कळंबकर आणि मुरूमकर. हे दोघं बोलले तर उतारा, नाहीतर काजलची जागा गेली.

मामांनी मुरूमकरांना हाक मारली. म्हणजे संगणकातून त्यांच्या ठरलेल्या नंबरावर छोटासा निरोप पाठवायचा, "आहेस का?" आणि तिकडून यंत्र म्हणतं, "आहे." पडद्यावर ओळी पडायला लागल्या. आहे. आहे. आहे. एकही चुकली नाही.

मी म्हणालो, "मग झालं की! मुरूमकर ठणठणीत आहेत. आपलीच वायर खराब असणार."

"असंल," मामा म्हणाले. त्यांच्या 'असंल'चा अर्थ मला चांगला माहीत आहे. "पर हाकंला ओ देतो अन् दारातनं आत घेत न्हाय. असं कोण करतं?"

पण त्यांनी वायर बदलून बघितली. फरक नाही. आता दुसरा कुणी असता तर नवी वायर तशीच ठेवून पुढं गेला असता. मामा नाही. त्यांनी नवी काढली, जुनी परत लावली, कागदावर लिहिलं आणि मग पुढच्या गोष्टीला हात घातला. एका वेळी एकच बदल, आणि फरक पडला नाही तर तो बदल मागं घ्यायचा. डब्यातलं भोक बदललं, मागं घेतलं. मधल्या रखवालदाराचे नियम बघितले, म्हणजे कुणाचा निरोप आत सोडायचा आणि कुणाचा अडवायचा ते, ठीक होते. दोन वाजले. अडीच. सव्वातीन. प्रत्येक वेळी मुरूमकर "आहे" म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी कागद येत नव्हता. काजलनं हातातल्या मोबाईलवर ते संकेतस्थळ उघडून ठेवलं होतं, त्याच्या वरच्या कोपऱ्यात उरलेला वेळ पळत होता. ती दर थोड्या वेळानं तो बंद करायची आणि परत उघडायची.

"साहेब, व्हईल का?" मावशींनी मला विचारलं. हळूच. मामांना ऐकू जाऊ नये म्हणून.

माझं मीटर फिरलं. आवाज चढवायचा नाही हे माहीत असून चढला. "मामा, जुनी वायर परत लावत बसलाय तुम्ही! पोरीचं वर्ष जाईल!"

मुलीच्या भावानं नवऱ्या मुलाच्या बापावर आवाज चढवला होता. हे दाजींच्या घरी कळलं तर काय, असं माझ्या मनात येऊनसुद्धा गेलं. मामांनी वायर खटकन बसेपर्यंत दाबली. मग म्हणाले, "चार गोष्टी एकदम बदलल्या अन् चालू झालं, तर कशानं झालं ते कळत न्हाय. अन् न्हाय झालं, तर आता काय बिघडलं ते बी कळत न्हाय. पाव्हणं, घाई मला बी हाय. म्हणून तर."

पावणेचारला त्यांनी मुरूमच्या लिपिकाला फोन लावला. हा लिपिक सज्जन, भाविक, आणि साहेबांना घाबरणारा माणूस. कानडीत दोन शब्द खुशालीचे झाले, आणि मामा म्हणाले, "मुरूमकरांच्या पाठीमागची वायर काढा."

"काढू? चालू यंत्राची? साहेब बोलतील मामा."

"बोलू द्या. काढा."

मामांनी फोनचा आवाज मोठा केला. आम्ही दोघं पडद्यासमोर. तिकडं खुडबुड ऐकू आली. "काढली."

पडद्यावर ओळ पडली. आहे.

आणखी एक. आहे.

आहे. आहे.

खोटं सांगत नाही. वायर काढलेलं यंत्र ओ देत होतं.

"खरंच काढली का, येनप्पा?" मामांचा आवाज खाली गेला होता.

"हातात हाय की वायर. शपथ घेऊ का?"

"मग ओ कोण देतंय?"

मावशींना यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी पदर तोंडाशी नेला. मामा तेवढे एकदम सैल झाले, खुर्चीत मागं टेकले, दुपारपासून पहिल्यांदा. "दुसरंच कुणीतरी मुरूमकरांच्या नंबरावर बसलंय," ते म्हणाले. "हाक मारली की कधी ह्यो बोलतो, कधी त्यो. कागद मागितला की दुसऱ्याच्या दारात जातोय." मग फोनमध्ये: "आज नवं काय बसवलं तिथं?"

"काय न्हाय. इल्ल, मामा."

"सकाळपासून काय काय केलं, वळीनं सांगा. काय सोडू नका."

लिपिकानं सुरुवात केली. कुलूप काढलं. झाडून घेतलं. पाणी भरलं. देवाला फूल घातलं. टपाल बघितलं. साहेब आले. नारळ फोडला.

"नारळ कशाला?"

"हजेरीच्या मशीनला. बोट लावायचं मशीन आलं ना नवं. आज चालू केलं अकरा वाजता, साहेबांच्या हस्ते."

माझं आणि मामांचं एकदम एकमेकांकडं लक्ष गेलं. "त्याला नंबर कितवा दिला?"

"बसवणारा म्हणला, शेवटचा आकडा कुठला बी रिकामा सांगा. म्या म्हणलं, एकशेआठ घाला. जपमाळंचा आकडा. शुभ असतोय."

मामांचा चेहरा पडला. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. स्टेजखालून जळमटं घेऊन येतानाही त्यांचा चेहरा विजयी होता. "मामा, मुरूमकरांचा नंबर कितवा आहे?" मी विचारलं. मला उत्तर कळलं होतं तरी विचारलं. त्याची आता लाज वाटते.

"एकशेआठ," ते म्हणाले. "म्याच दिला व्हता. शुभ म्हणून."

"आणि लिहून कुठं ठेवलाय?"

फोनमधून लिपिक गयावया करत म्हणाला, "कुठं लिहिलेला न्हवता, मामा. म्या सगळ्या फाइली बघितल्या व्हत्या की." आणि ते खरं होतं. अख्ख्या जिल्ह्यावर संशय घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या आठवणीवर मात्र कधी घेतला नव्हता. तिन्ही यंत्रांचे नंबर त्यांच्या डोक्यात होते, आणि डोक्यातलं मुरूमच्या लिपिकाला दिसणार कसं? मामांनी खिशातला कागद काढला, दुपारी माझी चूक लिहिलेला. त्याखाली सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: "मुरूमला नंबर म्या दिला. लिहून ठेवला न्हाय. चूक माझी." आणि खाली सही. मग तो माझ्यापुढं सरकवला. मुलीकडच्या माणसापुढं. मला तो उचलवेना.

पण घड्याळात सव्वाचार झाले होते. हजेरीचं मशीन काढा म्हटल्यावर लिपिक रडकुंडीला आला. "संध्याकाळचं बोट लावायचं हाय सगळ्यांचं! साहेब पहिल्याच दिवशी गैरहजर मांडतील."

"साहेबांना म्या सांगतो. काढा."

हजेरीचं मशीन निघालं. पडद्यावरची ओ थांबली. या वेळी शांततेनं बरं वाटलं. मग मुरूमकरांची वायर परत लावली. ओ आली. पण कळंबकर आणि मुरूमकर लगेच बोलायला तयार होईनात; दिवसभराची भांडणं मिटवत दोघं आपापल्या याद्या ताडून बघत होते. चार पंचवीस. साडेचार. काजल उभी राहिली होती. मी परत बंद-चालू करायला हात पुढं केला आणि स्वतःच मागं घेतला. चार छत्तीसला चक्र फिरायचं थांबलं, आणि पडद्यावर पिवळ्या पडलेल्या कागदाचं एक पान उघडलं.

चार सत्तेचाळीसला ते संकेतस्थळावर चढलं. "स्वीकारले" असा शब्द आला. काजल मटकन खाली बसली आणि हसायला लागली.

मी पान छापून दिलं. मावशींनी ते दोन्ही हातांनी धरलं, पण उलटं. मग मामांकडं दिलं. "काय लिवलंय, वाचा की जरा."

मामांनी चष्मा पुसला. मायाप्पा, बापाचं नाव, गाव, इयत्ता तिसरी. "शाळा सोडल्याचं कारण," ते वाचता वाचता थांबले. "मेंढरे राखण्यासाठी."

"म्हंजी खरंच गेले व्हते शाळंत," मावशी म्हणाल्या. "मरस्तवर सांगायचे, म्या तिसरी शिकलोय म्हणून. आमी हसायचो. सही येत न्हाय अन् शाळा शिकलो म्हणतेत! काजले, आजा खरं बोलत व्हता गं." त्यांनी पानाची घडी घातली नाही. तसंच छातीशी धरून दोघी स्टँडकडं गेल्या.

मामा पिशवी भरत होते. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते पाठमोरेच म्हणाले, "पाव्हणं, मुरूमच्या रजिस्टरात आमच्या वडलांचं नाव हाय का बघा की. सांगायचे दोन वर्षं गेलो म्हणून."

मी शोधलं. नावानं शोधलं, गावानं शोधलं, नाव थोडं बदलून शोधलं. नव्हतं.

"भूमकर बंद हायेत ना अजून," मामा म्हणाले. "त्यांच्याकडं असंल."

ज्यानं हे कोठार स्वतःच्या हातानं उभं केलं, त्याला मी काय सांगणार होतो? प्रत्येक कागद दोन गावांत असतो. तिघांतले दोघं जागे असले की काहीच लपून राहत नाही. भूमकरांकडं असलेलं प्रत्येक पान त्या क्षणी माझ्यासमोर उघडं होतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"असंल मामा," मी म्हणालो. "केबल जोडली की बघतो."

त्याला आता वर्ष होत आलं. तिन्ही यंत्रांचे नंबर त्यांनी आठवड्याभरात वहीत लिहून दिले. हजेरीच्या मशीनला त्यांनी साधा बावन्न नंबर दिला, आणि लिपिकानं शुभ-अशुभ विचारल्यावर "रिकामा हाय" एवढंच सांगितलं. आठवड्यातून एकदा तरी ते कार्यालयात येतात, दिव्यांसमोर दहा मिनिटं बसतात, बसची, विजेची, माझ्या बोलण्याची सगळ्याची खातरजमा करतात. भूमकर त्याच दिवशी संध्याकाळी चालू झाले होते. त्या एका नावाचं मात्र मामांनी मला अजून विचारलेलं नाही.